वनपिंगळ्याची ओळख : नमुना, नोंद आणि तानसाचे रान (१८७२ ते २०१८)

प्रस्तावना

शहापूरहून मुरबाडकडे निघालेल्या रस्त्यावर भातसा नदीच्या काठी सापगाव आहे. भातकापणी उरकली, खळी मोकळी झाली आणि सागाची पाने करपू लागली की या टापूत पक्ष्यांची वर्दळ नजरेत भरते. धोबी, खाटीक, थिरथिरा ही हिवाळी मंडळी येतात, आणि पावसाळ्यात पानोळ्याआड दडलेले स्थानिक पक्षीही उघड्या फांद्यांवर दिसू लागतात. ‘हा कोणता पक्षी?’ हा प्रश्न म्हणूनच या दिवसांत अधिक वेळा विचारला जातो. त्याचे उत्तर देणे हे पक्षीशास्त्राचे काम मानले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु पाहिलेल्या पक्ष्याला नाव देताना कोणत्या ग्रंथावर विसंबावे, त्या ग्रंथाने कोणत्या नोंदीवर विसंबावे आणि ती नोंद करणारा विश्वासार्ह होता काय, हे प्रश्न साधनचिकित्सेचे, म्हणजे इतिहासाचे आहेत.

सापगावापासून वायव्येला, शहापूर, वाडा आणि मोखाडा तालुक्यांत पसरलेल्या तानसा अभयारण्यात २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, पावसाळा सरून हिवाळा तोंडावर आला असता, एक लहान घुबड दिसले. त्याची ओळख पटविण्यासाठी जो पुरावा लागला तो जमण्यास सुमारे एकशे चाळीस वर्षे लागली होती. दरम्यान एका खोट्या चिठ्ठीने अभ्यासकांची दिशाभूल केली होती, आणि तब्बल ११३ वर्षे या पक्ष्याची एकही खरी नोंद झाली नव्हती. वनपिंगळा या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या पक्ष्याच्या नोंदींचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पक्षी हरवला होता असे सर्वत्र लिहिले गेले. कागदपत्रे पाहता, हरवली होती ती नोंद वाचण्याची रीत, असे म्हणावे लागते.

बुसना-फुलझर ते शहादा

१८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट यांनी बुसना-फुलझर या भागात एक घुबड टिपले. हा भाग आजच्या छत्तीसगड राज्यात येतो. नमुना ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे गेला. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे ह्यूम यांचे नाव इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्याच ह्यूम यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षीशास्त्राचे नियतकालिक चालविले आणि हिंदुस्थानभर पसरलेल्या अधिकाऱ्यांकडून नमुने व टिपणे मागविली, ही बाब मात्र राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या वाक्यात आटोपली जाते. १८७३ मध्ये त्यांनी या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी असे नाव दिले. हेटेरोग्लॉक्स म्हणजे निराळे घुबड. गावोगाव दिसणाऱ्या पिंगळ्याशी साम्य असूनही हे घुबड त्याच्या प्रजातीत बसविण्यास ह्यूम तयार नव्हते.

१८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना आजच्या ओडिशातील खरियार परिसरात दुसरा नमुना मिळाला. त्यानंतर सगळे लक्ष पश्चिमेकडे वळते. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० ते १८८४ या काळात खानदेशात शहादा व तळोदा या भागांतून या घुबडाचे नमुने मिळविले. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची त्यांची यादी ‘स्ट्रे फेदर्स’मध्येच प्रसिद्ध झाली. जमाबंदी आणि दौरे सांभाळून केलेले हे काम आहे. त्यातील शिस्त चिठ्ठ्यांत दिसते. स्थळ आणि तारीख त्यांनी सोडलेली नाही. पुढे याच चिठ्ठ्या निर्णायक ठरल्या.

इथे वसाहतकालीन ज्ञानव्यवहाराचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. पक्षी टिपला जाई, त्याचे कातडे सुकवून कापूस भरला जाई, पायाला चिठ्ठी बांधली जाई आणि तो मुंबई, सिमला, लंडन असा प्रवास करी. १८८४ मध्ये ह्यूम यांची पक्षीविषयक हस्तलिखिते सिमल्यातील घरातून नोकरांनी रद्दीत विकली. १८८५ मध्ये त्यांनी आपला सुमारे ८२ हजार नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. म्हणजे पक्षी खानदेशात राहिला आणि त्याची ओळख पटविण्याचे साधन लंडनच्या कपाटात गेले. ज्या रानात डेव्हिडसन हिंडले तेथील भिल्ल व पावरा माणसांना हे घुबड दिसत नसेल, असे मानण्यास काहीच आधार नाही. परंतु त्यांचे पाहणे नोंदीत उतरले नाही. नमुन्याच्या चिठ्ठीवर संग्राहकाचे नाव असते, वाटाड्याचे नसते.

मांडवीची चिठ्ठी

विसाव्या शतकातील अभ्यासकांसमोर या पक्ष्याचे एकूण सात नमुने होते. त्यांपैकी शेवटचा कर्नल रिचर्ड माइनरट्झहागेन यांच्या नावावर होता. आपण तो १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे, आजच्या गुजरातेत, मिळविल्याचे त्यांनी लिहून ठेवले होते. माइनरट्झहागेन हे लष्करी अधिकारी व नामवंत पक्षीतज्ज्ञ होते. १९३७ च्या अफगाणिस्तान मोहिमेत सालिम अली त्यांच्याबरोबर होते. अशा माणसाची चिठ्ठी कोणी तपासावी? १९५४ मध्ये त्यांनी सुमारे २० हजार पक्ष्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला तेव्हा त्यांची प्रतिष्ठा आणखी वाढली. याच संग्रहालयाने नमुने परस्पर नेल्याच्या कारणावरून १९१९ मध्ये त्यांना पक्षीकक्षात येण्यास दीड वर्ष मनाई केली होती, ही गोष्ट तोवर मागे पडली होती.

१९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर जवळजवळ पाव शतकाने, १९९३ मध्ये, ॲलन नॉक्स यांनी त्यांच्या संग्रहातील काही नमुने बनावट माहितीचे असल्याचे दाखवून दिले. पुढे पामेला रासमुसेन यांनी दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या मार्गदर्शक ग्रंथासाठी नमुने तपासताना या संग्रहाची कसून छाननी केली. वनपिंगळ्याच्या बाबतीत निघालेला निष्कर्ष थक्क करणारा होता. मांडवीचा म्हणून सांगितलेला नमुना मुळात डेव्हिडसन यांचा होता. तो संग्रहालयातूनच उचलून, आतला भराव बदलून आणि नवी चिठ्ठी लावून परत त्याच संग्रहालयात पोहोचला होता. क्ष-किरण चित्रांतून जुन्या बांधणीच्या खुणा दिसल्या. कातडे भरण्याची प्रत्येक संग्राहकाची स्वतःची लकब असते. हस्ताक्षरासारखी ती ओळखता येते. रासमुसेन व नायजेल कॉलर यांचा यावरील शोधनिबंध १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा सारा प्रकार अपरिचित नाही. बनावट सनदा, मागाहून घातलेल्या तारखा, एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात गेलेले कागद यांच्याशी त्याचा नेहमी संबंध येतो. बाह्य परीक्षणात कागद, शाई व अक्षर तपासतात. येथे कापूस, टाके आणि हाडांची ठेवण तपासली गेली. फरक परिणामांत आहे. बनावट सनदेने एखाद्या घराण्याचा वतनावरचा हक्क सिद्ध होत असे. या चिठ्ठीने तसा कोणताही लाभ झाला नाही, केवळ संग्रहाची शान वाढली. मात्र एका पक्ष्याचे वसतिस्थान नकाशावर चुकीच्या जागी गेले आणि त्याची अखेरची तारीख तीस वर्षांनी पुढे सरकली. ज्यांनी शोध घेतला त्यांना चुकीचे स्थळ आणि चुकीचा काळ हाती धरून निघावे लागले. १९७५ मध्ये एस. डिलन रिप्ले यांनी घेतलेला शोधही निष्फळ ठरला. काही छायाचित्रे वनपिंगळ्याची म्हणून पुढे आली, ती तपासणीत साध्या पिंगळ्याची निघाली.

दुसरीही एक अडचण होती, आणि ती कोणाच्या लबाडीतून आलेली नव्हती. जिवंत पक्ष्याची सवय कोणालाच ठाऊक नव्हती. चित्रकारांनी जी चित्रे काढली ती वाळलेल्या कातड्यांवरून. घुबड म्हटले की निशाचर आणि नावात वन आहे म्हणून दाट जंगलात राहणारा, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात वनपिंगळा दिवसाढवळ्या शिकार करणारा आणि विरळ, मोकळ्या पानझडी रानात राहणारा निघाला. रात्री विजेरी घेऊन दाट झाडीत शोधणाऱ्याला तो सापडणे कठीणच होते.

२५ नोव्हेंबर १९९७

रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात भारतात आले तेव्हा मांडवीची नोंद त्यांनी बाद केली होती. उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील स्थळे एवढाच त्यांचा नकाशा होता. आधी पूर्वेकडील जागा धुंडाळल्या. तेथे काही हाती लागले नाही. मग ते खानदेशात उतरले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, पाने झडलेल्या एका झाडावर, उन्हात बसलेले एक घुबड त्यांना दिसले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला.

ओळख पटविताना त्यांनी काय पाहिले हे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण सापगावच्या वेशीवरचा पिंगळा आणि हा पक्षी यांत घोटाळा होण्याची जागा तेथेच आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, मानेमागे पांढरट पट्टा असतो आणि पोटावर तपकिरी तुटक खुणा खालपर्यंत उतरतात. वनपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते. छातीवर तपकिरी रंग गडद व सलग असतो, पोटाचा खालचा भाग व शेपटीखालची बाजू स्वच्छ पांढरी. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठळक पांढरे पट्टे असतात. डोके व चोच अंगाच्या मानाने मोठी, पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले. लांबी सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे पिंगळ्याहून थोडीशीच अधिक. आकारावरून ओळख पटविणे म्हणून धोक्याचे आहे. शेंड्यावर उघड बसणे आणि शेपटी झटक्याने हलविणे या सवयी मात्र उपयोगी पडतात. तिसरा भिडू म्हणजे जंगली पिंगळा. त्याचे डोके, पाठ आणि छाती बारीक आडव्या रेघांनी भरलेली असते, ठिपके नसतात.

या वेळी बंदूक चालली नाही. छायाचित्रे आणि चलचित्रण हाच पुरावा ठरला, आणि तो सर्वांनी मान्य केला. १८७२ मध्ये पक्षी मेल्याखेरीज त्याचे अस्तित्व सिद्ध होत नव्हते. सव्वाशे वर्षांत पुराव्याची कल्पनाच बदलली, ही या प्रकरणातील दुर्लक्षित राहिलेली बाब आहे. तथापि छायाचित्र कशाशी ताडून पाहायचे, तर लंडनमधील त्या जुन्या कातड्यांशीच. नवी रीत जुन्या कपाटावाचून चालली नाही.

पुढील काम भारतीय संशोधकांनी केले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी १९९८ नंतर केलेल्या पाहणीत चार ठिकाणी मिळून २५ पक्षी नोंदविले. गिरीश जठार यांनी मेळघाटात, तर पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन सोसायटीच्या प्राची मेहता व जयंत कुलकर्णी यांनी मेळघाटापासून मध्य प्रदेशातील खंडव्यापर्यंत अभ्यास केला. चित्र स्पष्ट होत गेले आणि त्याबरोबर एक नवा समज दृढ झाला. वनपिंगळा सातपुड्याचा पक्षी आहे, असा तो समज होता.

तानसाची नोंद

तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले. मुंबईच्या पाण्यासाठी तलावाभोवतीचे रान राखले गेले आणि १९७० मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे ३२० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र. साग, ऐन, खैर, कळंब, बिबळा यांचे मिश्र पानझडी रान, मध्ये मोकळवणी, कडेने वारली, कातकरी, ठाकूर व महादेव कोळी यांची पाडे. मुंबईपासून हे अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे. १८८३ मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासह आठ जणांनी ज्या शहरात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्या शहराच्या अंगणातले हे रान म्हणावयास हरकत नाही. पक्षीनिरीक्षक येथे वर्षानुवर्षे येत होते.

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सुनील लाड यांना येथे वनपिंगळा दिसला. लाड व रोहिदास डगळे यांनी ती नोंद त्याच वर्षी ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’मध्ये अधिक निरीक्षणे आली. शहाद्यापासून तानसा सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर दक्षिणेला आहे. पश्चिम घाटाच्या पट्ट्यातली ही नोंद अनपेक्षित होती. ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’च्या त्याच अंकात डांगमधील पूर्णा अभयारण्यातील नोंदही प्रसिद्ध झाली. सातपुडा, डांग, सुरगाणा-पेठचा डोंगराळ भाग, जव्हार-मोखाडा आणि तानसा ही नावे एकाखाली एक ठेवली की मधला प्रदेश रिकामा वाटेनासा होतो.

पक्षी २०१४ मध्ये तानसात नव्याने आला, असे समजण्यास फारसे कारण दिसत नाही. वनपिंगळा स्थलांतर करणारा पक्षी नाही. तो तेथे आधीपासून असावा आणि पाहणाऱ्यांनी त्याला पिंगळा किंवा जंगली पिंगळा म्हणून सोडून दिले असावे, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते. पुस्तकातील नकाशात तानसा नव्हते. जेथे पक्षी असण्याची शक्यताच मानली जात नाही तेथे दिसलेल्या पक्ष्याला मनुष्य ओळखीचे नाव देऊन मोकळा होतो. मांडवीच्या चिठ्ठीने जे खोटेपणाने साधले, तेच काम येथे प्रामाणिक पण अपुऱ्या नकाशाने केले. नोंद नाही म्हणून पक्षी नाही, हा निष्कर्ष दोन्ही वेळा घाईचा ठरला.

मराठी नावांचाही यात वाटा आहे. इंग्रजीतील ‘जंगल’ आणि ‘फॉरेस्ट’ या दोन विशेषणांना मराठीत रान, वन, जंगल असे पर्याय आहेत आणि ते परस्परांच्या जागी वापरले जातात. रानपिंगळा हे नाव कोणी एका पक्ष्याला दिले, कोणी दुसऱ्याला. एखाद्या जुन्या मराठी टिपणात ‘रानपिंगळा दिसला’ एवढेच असेल तर त्यातून काही सिद्ध होत नाही. त्याउलट पिंगळा हे मूळ नाव लोकजीवनात घट्ट रुजलेले आहे. पहाटेच्या अंधारात दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोशालाही तेच नाव आहे. पक्ष्याच्या बोलण्यातून शकुन जाणणारा, अशी त्याची ख्याती. बोलण्यावरून पिंगळा ओळखणारी ही परंपरा वनपिंगळ्याच्या आवाजातला फरक टिपू शकली असती. परंतु शास्त्रीय नोंद करणाऱ्यांनी तिच्याकडे ज्ञानाचे साधन म्हणून पाहिले नाही, आणि घुबडाला अशुभ मानणाऱ्या समजुतींनी पक्ष्याचे नुकसानच केले.

या नोंदीवर केवळ यादीची पूर्तता अवलंबून नाही. गारगाई नदीवरील नियोजित धरणाच्या बुडीत क्षेत्राचा मोठा भाग तानसा अभयारण्यात येतो. अशा प्रकल्पांच्या विचारात तेथे कोणती प्राणिजात आहे हे कागदावर असावे लागते. २०१४ पूर्वी वनपिंगळा त्या कागदावर नव्हता. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आणले. नवनव्या ठिकाणच्या नोंदी हे त्याचे मुख्य कारण होते. पक्षी वाढले असा याचा अर्थ कोणी काढू नये. पाहणारे वाढले, आणि त्यांना काय पाहायचे ते कळले.

त्याच २०१८ साली ह्यूम यांनी उपस्थित केलेल्या जुन्या प्रश्नाचाही निकाल लागला. हे घुबड खरोखरच निराळ्या प्रजातीचे आहे काय, यावर शतकभर दोन मते होती. पंकज कोपर्डे, प्राची मेहता, व्ही. व्ही. रॉबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्याच्या आधारे ते अथेनी या प्रजातीतच मोडते असे दाखवून दिले. सापगावच्या आंब्याच्या ढोलीतून संध्याकाळी डोके बाहेर काढणारा ठिपकेदार पिंगळा याच प्रजातीचा आहे.